स्वप्नच नसेल तर? (इंदूरहून एक प्रश्न)

चिंगी_राजेंद्रनगर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. शुद्धलेखनाला हसू नका. शाळा हिंदीत झाली, मराठी आजीकडून आलंय.

मी इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे रात्रीच्या जेवणात वरण, भात, भाजी आणि माझं भविष्य एवढे चार पदार्थ ठरलेले असतात. बाबा म्हणतात, "खरगोन, बडवानीची मुलं इथे भंवरकुआंला, क्लासेसच्या भागात, खोल्या घेऊन राहतात, मेसचं खातात. तुला घरचं खाऊन स्कूटीवर क्लासला जाता येतंय, मग लोकसेवा आयोगाची तयारी का नाही?" आईला मी सीए व्हायला हवी आहे. दादा बंगळुरूला असतो. तो फोनवर "तुला जे मनापासून वाटतं ते कर" असं सांगून फोन ठेवतो. त्याचा सल्ला सगळ्यात अवघड आहे, कारण मनापासून काय वाटतं तेच सापडत नाहीये.

गेल्या आठवड्यात कॉलेजात एक पाहुणे आले होते. प्रत्येकाला कागद दिला आणि त्यावर आपलं स्वप्न लिहायला सांगितलं. सगळ्या वर्गाने माना खाली घालून लिहायला सुरुवात केली. मी शेजारणीच्या कागदावर बघून "कलेक्टर" लिहिलं. शाळेत गणिताची कॉपी केली नाही कधी, आणि स्वप्नाची केली.

तर प्रश्न असा: तुम्हाला तुमचं असं काही विद्यार्थी असतानाच सापडलं होतं का? आणि नव्हतं सापडलं, तर त्या काळात तुम्ही काय केलंत?

पुणेरी_पाटी

स्वप्नं रात्री साडेबारा ते चार या वेळेतच पाहावीत. दुपारी एक ते चार झोप असते, त्यात स्वप्न येत नाही.

लष्करवाले_काका

चिंगी, स्वागत. तुझं मराठी उत्तम आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पिढीला वाचताही येत नाही.

प्रश्नाचं उत्तर: नाही सापडलं. आमच्या वेळी कोणी शोधायला सांगितलंही नव्हतं. बी.एस्सी. झालो, वीज मंडळाची जाहिरात निघाली, अर्ज टाकला, लागलो. चौतीस वर्षं केली. वाईट गेली नाहीत. हल्लीच्या मुलांवर हा नवाच बोजा आहे. नोकरी तर मिळवायचीच, शिवाय ती आपलं स्वप्न आहे असंही म्हणायचं.

सूरसागर

काकांशी असहमत. बडोद्याचं उदाहरण देते. विनोबा भावे आमच्या गावात शिकले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून थेट काशीला गेले. त्याआधी घरात प्रमाणपत्रं चुलीत घालून झालीच होती. वय वीस. आतून आवाज आला की माणूस तिकिटाचे पैसे बघत नाही. चिंगी, तुझा आवाज आला की तुलाही कळेल. तोवर घाई करू नकोस.

लष्करवाले_काका

सूरसागर, सुरतेला उतरले ते विनोबा म्हणून आपल्याला ठाऊक. त्याच डब्यातले बाकीचे मुंबईला गेले, परीक्षा दिली, संसार केले. त्यांचं काय वाईट झालं? आणि सुरतेला उतरून पुढे काहीच न झालेले किती, त्यांचं चरित्र कोण लिहितं?

मालवी_माणूस

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. विनोबा उतरले तेव्हा त्यांचं तरी कुठे ठरलं होतं? एकीकडे हिमालय खुणावत होता, दुसरीकडे बंगालची क्रांती. त्यासाठी काशी. तिथे गांधींच्या भाषणाबद्दल कळलं, पत्रव्यवहार झाला आणि दोन-तीन महिन्यांत गृहस्थ अहमदाबादच्या कोचरब आश्रमात. म्हणजे बडोद्याहून निघताना जे डोक्यात होतं त्यातलं काहीच झालं नाही. त्यांना फक्त एवढं नक्की माहीत होतं की ती परीक्षा द्यायची नाही.

खारी_बिस्कीट

बडोद्याचे सयाजीराव महाराज तर बारा वर्षांचे होते. कवळाण्याहून दत्तक घ्यायला आणलेल्या मुलांना विचारलं, इथे कशाला आलात? हे म्हणाले, राज्य करायला. करिअर काउन्सेलिंग दोन मिनिटांत आटोपलं.

पुणेरी_पाटी

आमच्या चिरंजीवांना तेच विचारलं. तेही म्हणाले, राज्य करायला. सध्या रिमोटवर करत आहेत.

पाचवा_अटेम्प्ट

मी भंवरकुआंवाला. धारजवळच्या गावातून आलो होतो, सहा वर्षं काढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या खोलीत तिघं. भिंतीवर मध्य प्रदेशचा नकाशा, दारामागे वेळापत्रक, खिडकीत वाळत घातलेले कपडे. सकाळी लायब्ररी म्हणजे पैसे भरून मिळणारी एक खुर्ची आणि चार्जिंगचं बटण. पहिल्या वर्षी मला खरंच वाटायचं की अधिकारी व्हायचंय. तिसऱ्या वर्षी पूर्वपरीक्षा पास झालो, मुख्यमध्ये गेलो. मग निकाल लांबला. मग पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या वर्षी एक दिवस गावी लग्नाला गेलो तर वडील कुणाला तरी सांगत होते, "मोठा इंदूरला आहे, तयारी करतोय." तेव्हा लख्ख कळलं की मी या वाक्यासाठी अभ्यास करतोय. पद मिळालं काय, न मिळालं काय, ते वाक्य चालू राहायला हवं होतं.

आता गंमत ऐका. आमच्या मेसवाल्या भाभींचा हिशेब नेहमी चुकायचा. कोण किती दिवस गावी गेलं, कोणाचे किती डबे कापायचे, यावरून रोज भांडण. मी एक वही घातली. मग भाजीचा दर, तेलाचा डबा किती दिवस पुरतो, रविवारी किती मुलं जेवत नाहीत, सगळं लिहायला लागलो. पोळ्या वाया जायच्या त्या निम्म्यावर आल्या. राज्यघटनेची कलमं वाचताना डुलक्या काढणारा मी रात्री एक वाजता वांग्याचा भाव लिहीत बसायचो आणि मला ते विचित्रही वाटायचं नाही. पाचव्या अटेम्प्टनंतर भाभींबरोबर भागीदारी केली. आज दोन मेस आहेत. वडील अजून लोकांना सांगतात, "इंदूरला असतो." पुढचं सांगत नाहीत.

चिंगी, "स्वप्न काय" हे विचारू नकोस स्वतःला. मी विचारतो ते सांग: अभ्यास टाळायचा असतो तेव्हा तू काय करतेस? मोबाइल सोडून.

सूरसागर

वा. वांग्याचा भाव आवडला.

चिंगी_राजेंद्रनगर

सगळ्यांचे आभार. इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

@पाचवा_अटेम्प्ट दादा, हसणार नसाल तर सांगते. मी गच्चीवर कचरा बघत बसते.

म्हणजे खत. आमच्याकडे नव्या शैक्षणिक धोरणात बी.कॉम.ला सुद्धा एक व्यावसायिक विषय घ्यावा लागतो. मैत्रिणींनी जैविक शेती घेतली म्हणून मीही घेतली, सोपी असते म्हणे. त्यात घरी खत करून आणायचं होतं. बाकीच्यांनी नर्सरीतून पिशवी आणून दाखवली. मी खरंच केलं. एका पिंपापासून सुरुवात, आता चार आहेत. पहिल्यात पांढऱ्या अळ्या झाल्या तेव्हा आई खाली राहायला जाते म्हणाली (आम्ही खालीच राहतो). आता शेजारचे तिघे जण सालं आणून देतात. पिंपात हात घातला की आत गरम लागतं, भाकरीच्या टोपलीसारखं. ते मला इतकं आवडतं की सकाळी दात घासायच्या आधी वर जाते.

पण हे काही स्वप्न नाही ना. हा कचरा आहे.

पुणेरी_पाटी

इंदूरची मुलगी कचऱ्यात रमली यात नवल ते काय. तुमच्याकडे कचऱ्याची गाडी गाणं म्हणत येते, आमच्याकडे फक्त मागच्या गाडीवाल्याचा हॉर्न.

मालवी_माणूस

चिंगी!! तुला हे माहीत नाही? तुझ्या गावाच्या नावाची खताची पद्धत जगभर शिकवतात.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरला होता. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे होळकरांनी दिलेल्या जमिनीवर त्याने संस्था उभी केली होती. त्याच्या आधी तो बिहारात पुसाला सरकारी शास्त्रज्ञ होता आणि तिथल्या एकेका खात्याच्या भिंतींना कंटाळला होता. एक जण फक्त किडीचा, एक फक्त बुरशीचा, पण आख्खं शेत कोणाचंच नाही. इंदूरला त्याने काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावून, पाणी शिंपडून, ठरावीक दिवसांनी उलथून साधारण तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. ती "इंदूर पद्धत". १९३१ साली पुस्तकातून मांडली आणि मग चहा-कॉफीच्या मळ्यांपासून आफ्रिकेपर्यंत गेली. बरंचसं तो इथल्या शेतकऱ्यांकडे आणि चीनच्या जुन्या शेतीकडे बघून शिकला, हे त्याने लपवलं नाही.

आणि तुझ्या प्रश्नापुरतं: इंदूरला आला तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. तू वीस.

चिंगी_राजेंद्रनगर

काय सांगता! मी कृषी महाविद्यालयावरून कितीदा गेलीये. आमच्या जैविक शेतीच्या नोट्समध्ये "इंदौर विधि" असा दोन गुणांचा प्रश्न आहे. मला वाटलं, इथे इंदूरमध्ये अभ्यासक्रम काढला म्हणून आपलंच नाव दिलंय.

खारी_बिस्कीट

"गेलीये" 😀 इंदुरी सापडली. पुण्याच्या आत्याकडे गेल्यावर हसतात का गं तुला?

चिंगी_राजेंद्रनगर

नेहमी. मी "पंखा चालव" म्हटलं की चुलत भाऊ म्हणतो, कुठे चालवू, लक्ष्मी रोडवर? लहानपणी "भाजी बनवली" म्हटलं तर आत्या म्हणायची, भाजी करतात, बनवतात ते फर्निचर. आता तीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिते, "आज छान रेसिपी बनवली".

आणि इंदूरमध्ये मैत्रिणी म्हणतात, तू तर महाराष्ट्रीयन. पुण्यात म्हणतात, तुम्ही एमपीवाले. म्हणून कोणी "स्वतःला ओळख" म्हटलं की मला कळत नाही, कोणत्या गावातल्या स्वतःला.

लष्करवाले_काका

हे आपण सगळे बृहन्महाराष्ट्रवाले. एक पाय पोह्यात, एक जिलबीत.

इंदुरी_जिरावण

काका, पोह्यात पाय नाही. पोह्यावर जिरावण, शेव, वर बारीक कांदा, आणि बाजूला जिलबी. नियम आहे. आणि कृपया इथे कोणी कांदेपोहे विरुद्ध इंदुरी पोहे सुरू करू नका, मागच्या वेळी धागा तीनशे प्रतिसादांवर जाऊन कुलूपबंद झाला होता.

नाव_सांगत_नाही

पोहे आटोपले असतील तर थोडं कडू बोलते.

चिंगीचं खत छान आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण वरचे प्रतिसाद वाचून राहवलं नाही. माझी आजी इंदूरमध्येच सफाईचं काम करायची, आई पण. मी पहिली ग्रॅज्युएट. तुमच्या घरच्या मुलीने कचऱ्यात हात घातला की त्याला आवड म्हणतात, धागा निघतो, विनोबा आणि हॉवर्ड आठवतात. माझ्या आजीने तोच हात घातला तर ती जात. मी कॉलेजात असताना कधीही, कोणालाही सांगितलं नाही की मला माती-खत-झाडं आवडतात. कारण ते सांगितल्यावर लोक म्हणाले असते, बरोबर, तुमच्यात असतंच.

"स्वतःची ओळख शोध" हे वाक्य त्यांच्यासाठी आहे ज्यांना दुसऱ्यांनी आधीच ओळख चिकटवलेली नाही. महू इथून वीस-पंचवीस किलोमीटर. तिथे जन्मलेले बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले, शिकून आले, आणि १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तर राहायला खोली मिळेना. ओळख त्यांनी शोधली होतीच. गाव ती मानायला तयार नव्हतं. बडोद्याच्या ताईंनी विनोबा सांगितले, हे नाही सांगितलं.

मी बँकेत आहे. हे माझं स्वप्न नव्हतं. पण कोणी मला "तुमच्यात असतंच" म्हणू शकत नाही, यासाठी घेतलेली नोकरी आहे ही आणि मला तिचा अभिमान आहे.

सूरसागर

तुमचं बरोबर आहे. मी कमाटी बागेत लहानपणापासून जाते. बाबासाहेब ज्या झाडाखाली बसून रडले ते तिथेच, हे मला पंचविशीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. विनोबांचं घर कुठे होतं ते मात्र शाळेत सांगितलं होतं.

पाचवा_अटेम्प्ट

नाव_सांगत_नाही, माझ्या मेसमध्ये भांडी घासणाऱ्या मावशी आहेत. तुमचा प्रतिसाद वाचून आठवलं की हिशेबाच्या वहीत मी त्यांच्या पोळ्या मोजल्या होत्या, पगाराचं पान शेवटी घातलं होतं. बस, एवढंच.

चिंगी_राजेंद्रनगर

ताई, दोन दिवस उत्तर सुचत नव्हतं. अजून नाही सुचलेलं. तुम्ही म्हणालात ते मला आधी कधी दिसलं नव्हतं, आणि दिसायला हवं होतं, कारण आमच्या पिंपातली सालं शेजारचे देतात ते "पोरगी हुशार आहे" म्हणून देतात. सकाळी गाडीवर जे काका येतात त्यांना कोणी हुशार म्हणत नाही.

काल त्यांना विचारलं, ओला कचरा पुढे कुठे जातो. ते म्हणाले, देवगुराडियाला, गॅस होतो त्याचा. मग वाचलं. २०२२ मध्ये सुरू झालेला प्लांट, रोजचा ५५० टन ओला कचरा घ्यायची क्षमता, त्यातून सीएनजी आणि खत. मी चार पिंपांवर फुशारकी मारत होते. त्या काकांनी आणखी एक सांगितलं जे कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणाले, लोक ओल्यात प्लास्टिक घालतात तेव्हा आम्ही हाताने काढतो, आणि लिंबाच्या सालात सुई निघाली होती एकदा.

मालवी_माणूस

हे लिहून ठेव. खरंच.

आईच्या_भूमिकेतून

मी इथे कमी लिहिते. माझी मुलगीही इंदूरलाच, चिंगीच्याच वयाची. ती काही वेगळं करायचं म्हणाली की माझ्या तोंडून पहिला शब्द "पण" निघतो. तिला वाटतं, मी तिचं स्वप्न मोडते. मला माझं वीस वर्षांपूर्वीचं घर दिसत असतं. एक पगार, सासूबाईंचं आजारपण, घराचा हप्ता. चिंगी, तुझी आई सीए म्हणते म्हणजे "हिला कोणापुढे हात पसरायला लागू नये" असं म्हणते. तिला ते वाक्य जमत नसेल, म्हणून परीक्षेचं नाव घेते.

आणि दादाला सांग, फोन ठेवायच्या आधी एक प्रश्न तरी विचार.

इंदुरी_जिरावण

व्यवहाराचं बोलूया का? मी सीए आहे, म्हणून माझ्या चष्म्यातून.

चिंगी, एम.एस्सी. अ‍ॅग्रीला तू बी.कॉम.वरून साधारण जाऊ शकणार नाहीस, त्याला कृषी किंवा विज्ञानाची पदवी लागते. हे कोणी सांगितलं नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. पण सगळे खतवाले शास्त्रज्ञ नसतात. कचरा ही आता हिशेबाची गोष्ट आहे. किती टन आला, किती वेगळा केलेला होता, वाहतूक कितीला पडली, खत कोणी कितीला घेतलं. हे नीट मांडणारी माणसं कमी आहेत. सीएची आर्टिकलशिप (म्हणजे उमेदवारी) आता तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. मी तुला सीए हो म्हणत नाही. एवढंच म्हणतो की बी.कॉम. आणि पिंप यांचं भांडण आहे असं तू गृहीत धरलंयस, ते मला तरी दिसत नाही.

लष्करवाले_काका

जिरावणरावांनी शहाणपणाचं लिहिलं. मी माझं सुरुवातीचं मत थोडं बदलतो. चौतीस वर्षं वाईट गेली नाहीत हे खरं. पण त्यातलं मला नेमकं आठवतं ते काय? १९८० च्या दशकात एका गावात पहिल्यांदा लाईन टाकली आणि संध्याकाळी बटण दाबलं, ते. पगारवाढ एकही आठवत नाही. सौ. म्हणते, हे तुम्ही तीनशे वेळा सांगितलंय. सांगितलं असेल.

पुणेरी_पाटी

गंभीर झाला की धागा वाचवत नाही. तरी वाचला. चिंगी, तो कागद परत मागून घे कॉलेजातून. "कलेक्टर" खोडायची गरज नाही, इंग्रजीत कलेक्टर म्हणजे गोळा करणाराच. पुढे फक्त "ऑफ वेस्ट" लिही.

नाव_सांगत_नाही

पाटी, हा विनोद माझ्या आजीला सांगितला असता तर ती हसली असती. तिला कलेक्टर बघायची फार हौस होती. एकदा झाडताना जवळून बघितला होता.

चिंगी_राजेंद्रनगर

😀 आणि थोडं 😢

अपडेट देते. रविवारी बाबांना गच्चीवर नेलं. ते वर यायला तयार नव्हते, गुडघे. हॉवर्डचं सांगितलं. बाबा म्हणाले, "इंदूरचं नाव? आपल्या?" मग खाली जाऊन दोन शेजाऱ्यांना सांगून आले, जणू हॉवर्ड आमचा भाडेकरू होता. लोकसेवा आयोगाचा विषय सोडलेला नाही. क्लासचं माहितीपत्रक टेबलावरच आहे. मीही सोडलं नाहीये, नुसतं नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं काही ठोस नाही. सध्या एवढं ठरवलंय की उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या खत प्रकल्पात हिशेबाचं काम मिळतं का बघायचं, फुकट का होईना. जिरावणकाका, तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर निरोपातून कळवा.

आणि मूळ प्रश्न राहिला बाजूला, पण आता दुसरा आहे. तिसऱ्या पिंपात सडका वास यायला लागलाय. बाकी तिन्हींत नाही. रोज उलथते आहे. काय चुकलं असेल?

नाव_सांगत_नाही

ओलं जास्त झालंय. मूठभर काढून दाब, पाणी गळलं तर नक्कीच. सुका पाला घाल, नसेल तर पुठ्ठा फाडून घाल, आणि तळाला भोकं आहेत का बघ. माझी आजी अशा वेळी राख टाकायची.

चिंगी_राजेंद्रनगर

भोकं नाहीत!! त्या पिंपाला पाडायचीच विसरले. वर जाते.